स्कापा फ्लोला बुडी मारण्याआधी: आमच्या ग्राहकांसाठी

मालवण-तारकर्लीला डाइव्ह केलेली मंडळी आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो थंडीचा. पण आधी तिथे काय आहे ते सांगू द्या.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी बेटांच्या कुशीत स्कापा फ्लो हा बंदिस्त समुद्र आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन आरमाराची ७४ जहाजं इथे नजरकैदेत होती. ती ब्रिटिशांच्या हाती पडू नयेत म्हणून २१ जून १९१९ रोजी अ‍ॅडमिरल लुडविग फॉन रॉयटर यांच्या हुकमावरून जर्मन खलाशांनी झडपा उघडून आपलीच जहाजं बुडवली. ५२ बुडाली. बहुतेक पुढे भंगारासाठी वर काढली. तीन युद्धनौका आणि चार क्रूझर (त्यांहून लहान, वेगवान लढाऊ जहाजं) मात्र अजून तळाशी आहेत. युद्धनौका उलट्या पडल्यात, क्रूझर कुशीवर. पहिली डाइव्ह आम्ही ‘कार्ल्सरूह’ या क्रूझरवर देतो, कारण ती सर्वांत उथळ. दुसरी क्रूझर ‘क्योल्न’ सुमारे ३५ मीटरवर आहे. पत्र्यावर दाटीने पांढरी-नारिंगी समुद्रफुलं उगवलेली दिसतात. अख्खं जहाज एका नजरेत मावत नाही, तुकड्या-तुकड्यानेच उलगडतं.

आता थंडी. वसंतात पाणी ७-८ अंश, उन्हाळा सरताना १३च्या आसपास. पाणी आत घेणारा वेटसूट इथे पुरत नाही, अंग कोरडं ठेवणारा ड्रायसूटच हवा. त्याचे गळ्याचे आणि मनगटाचे सील नाजूक असतात, म्हणून नखं कापून आणि अंगठ्या काढून या. खाली जाताना सूट अंगाला आवळतो, तेव्हा थोडी हवा भरायची. वर येताना ती वेळेवर सोडायची. हवा पायांकडे गेली, तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. म्हणून ड्रायसूटमध्ये आधी पाच-सहा सरावाच्या डाइव्ह केल्याशिवाय आम्ही कुणालाही नेत नाही. कितीही अनुभव असला तरी. रेग्युलेटरही (टाकीतली हवा तोंडाशी आणणारं उपकरण) थंड पाण्यासाठीचाच लागतो. साधा असेल तर आत बर्फ धरून हवा भसाभसा सुटते.

ही सातही जहाजं कायद्याने संरक्षित आहेत. एक खिळाही उचलायचा नाही.

१९३९मध्ये पाणबुडीने बुडवलेली ब्रिटिश युद्धनौका ‘रॉयल ओक’ याच समुद्रात आहे. आठशेहून अधिक माणसं तिच्यासोबत गेली. ती युद्धसमाधी आहे. तिथे डाइव्हला बंदी आहे आणि आम्हाला ती मनापासून मान्य आहे. कृपया आग्रह करू नका.

अंगात विरघळलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर २४ तासांनी असू द्या. तो दिवस ऑर्कनीतल्या स्ट्रॉमनेस या बंदराच्या गावी, धक्क्यावर काढा. सूट वाळायलाही तेवढा वेळ लागतोच.