अंतर्मुख नेतृत्व

स्वभावाने मितभाषी आणि गर्दीपेक्षा एकांतात ताजीतवानी होणारी व्यक्ती संस्था, धंदा किंवा संघ चालवते, त्या रीतीला अंतर्मुख नेतृत्व म्हणतात. ‘अंतर्मुख’ व ‘बहिर्मुख’ ही जोडी मानसशास्त्रात रुजवली ती कार्ल युंग यांनी, १९२१ मध्ये. बुजरेपणा निराळा. बुजऱ्याला लोक काय म्हणतील याची धास्ती असते. अंतर्मुखाला फक्त गलका लवकर पुरे होतो. बोलीभाषेला हा भेद फारसा मंजूर नाही. ‘घुमा’, ‘मुखदुर्बळ’, ‘आतल्या गाठीचा’ ही सगळी विशेषणे एकाच माणसाला चिकटतात, आणि इंदुरात शेजारच्या हिंदीतला ‘घुन्ना’ त्यांत भर घालतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ ही म्हणही आपलीच. पण मुलाला नोकरीच्या मुलाखतीला धाडताना ती कोणाला आठवत नाही.

टिमथी जज व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध दिसून आला. मात्र हा संबंध नेता म्हणून पुढे येण्याशी जास्त आणि ते काम नीट निभावण्याशी कमी होता. गोम इथेच आहे. ॲडम ग्रँट, फ्रान्चेस्का जिनो व डेव्हिड हॉफमन यांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या एका पिझ्झा साखळीच्या दुकानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हाताखालची माणसे स्वतःहून सूचना करणारी असली, तर अंतर्मुख प्रमुखाच्या दुकानाचा नफा जास्त. माणसे सांगकामी असली, तर बहिर्मुख प्रमुख सरस. म्हणजे अंतर्मुखाचे खरे बळ नुसते गप्प राहण्यात नसून दुसऱ्याचे बोलणे कामाला लावण्यात आहे.

इंदूरच्या वाचकाला इथे अहिल्याबाई होळकर (कारकीर्द १७६७–१७९५) आठवणारच. अठराव्या शतकातल्या राज्यकर्तीला आजची मानसशास्त्रीय चिठ्ठी लावणे धाडसाचे आहे, आणि ते टाळलेलेच बरे. पण कारभाराची पद्धत पाहण्यासारखी आहे. राजधानी महेश्वरला. रोज दरबारात बसून त्या रयतेच्या तक्रारी स्वतः ऐकत, असे मध्य भारताचा इतिहास लिहिणारे इंग्रज अधिकारी जॉन माल्कम यांनी नोंदवले आहे. फौज तुकोजी होळकरांकडे, मुलकी कारभार स्वतःकडे, ही वाटणी अखेरपर्यंत टिकली. माल्कम आणखी एक प्रसंग सांगतात. एका ब्राह्मणाने अहिल्याबाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि नर्मदेत बुडवायला सांगितला. ग्रंथकाराकडे पुढे लक्षही दिले नाही. एरवी पाल्हाळ लावणाऱ्या चरित्रकारांनी हा प्रसंग जरा जपून वापरावा.

अलीकडचे उदाहरण मैदानावरचे आहे. राहुल द्रविड यांचा जन्म १९७३ मध्ये इंदुरात, मराठी कुटुंबात झाला; वाढले मात्र बंगळुरूत. त्यांच्या कर्णधारपदाखाली भारताने २००६ मध्ये वेस्ट इंडीजमध्ये ३५ वर्षांनी आणि २००७ मध्ये इंग्लंडमध्ये २१ वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. त्याच २००७ मध्ये एकदिवसीय विश्वचषकात संघ पहिल्याच फेरीत गारद झाला, हेही त्याच खात्यावर जमा.

धंद्यात हा स्वभाव उपयोगी पडतो तो मुख्यतः घासाघीस, हिशेब आणि जोखीम तोलण्याच्या जागी. सराफ्यात गादीवर बसलेल्या माणसाने गिऱ्हाइकाला दागिना हातात घेऊन निवांत पाहू देणे, हेही विक्रीचेच काम आहे. बैठकीआधी प्रत्येकाकडून मत लिहून घेण्याची पद्धत अशा प्रमुखांना मानवते, आणि तिला आधारही आहे: एकत्र बसून कल्पना सुचवणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसे एकेकटी बसली तर कल्पना जास्त निघतात, असे डील व श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये दाखवले. गटात एक बोलत असताना बाकीचे थांबतात, हे त्याचे मोठे कारण.

उणी बाजू अशी, की साहेबाच्या मनात काय आहे हे हाताखालच्यांना कळत नाही. मग गप्प बसण्याचा अर्थ कोणी नाराजी लावतो, कोणी संमती. घाईच्या वेळी लोक हुकमाची वाट पाहत असतात, तेव्हा हा घोळ सर्वांत महाग पडतो.