पार्श्वभूमी : सातारा-सांगलीचे जुने वाडे आणि भिंतीचा वाद

साताऱ्याच्या पेठांत, वाईच्या आळ्यांत किंवा सांगलीच्या गावभागात एखादा वाडा दुरुस्तीला काढला की पहिले काही आठवडे मूळ बांधकामाला हातच लागत नाही. ते जातात आधीच्या दुरुस्त्या उतरवण्यात. सिमेंटचा गिलावा, कडीपाटावर (लाकडी कड्या आणि फळ्यांच्या तक्तपोशीवर) ओतलेले काँक्रीट, खांब कापून त्याजागी घातलेला लोखंडी गर्डर, कौले उतरवून ठोकलेला पत्रा. हे थर बहुतेक १९६७ च्या कोयना भूकंपानंतरचे आहेत. ते कोणत्या समजुतीने आले हे कळले, तर त्यातले काय काढायचे आणि काय राहू द्यायचे याचा निर्णय नीट होतो.

मूळ बांधणीबद्दल थोडक्यात. शाहू महाराजांच्या काळात साताऱ्याच्या पेठा वसल्या, त्याच शतकात वाई-मेणवलीचे वाडे उठले आणि पुढे पटवर्धनांची सांगली वाढली. या पट्ट्यात पाऊस पश्चिमेकडून पूर्वेकडे झपाट्याने कमी होत जातो. म्हणून जावळी-पाटणकडे उतरती छपरे, माण-खटाव आणि जत-आटपाडीकडे धाबी (मातीची सपाट छपरे), आणि मधल्या पट्ट्यात दोन्ही. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चपट्या विटा किंवा पांढरीच्या मातीची (जुन्या गावठाणातल्या पांढरट मातीची) भिंत, आत सागवानी सांगाडा. चुना दर्शनी भागाला आणि जिथे पाणी लागते तिथे. भिंतीच्या पोटात बहुतेक ठिकाणी मातीच.

यातला सांगाडा नीट समजून घ्यायला हवा, कारण भिंतीवर काँक्रीटचा पट्टा घालावा की नाही हा पुढचा सगळा वाद त्याच्याभोवती आहे. वाडा खणांत मोजतात. एक खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, साधारण पाच-सहा फुटांचे. खांब दगडी तळखड्यावर उभा, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट, पाटावर मातीचा थर. आतले खांब उघडे दिसतात. अनेक वाड्यांत बाहेरच्या भिंतीतही त्याच अंतराने खांब असतात, पण ते मातीत पुरलेले असल्याने बाहेरून कळत नाहीत. अशा वाड्यात छपराचे आणि माडीचे ओझे लाकूड वाहते. भिंत ऊन-पाऊस-चोर अडवते आणि स्वतःचे वजन पेलते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळुरी कौले आली. तिथला पहिला कारखाना १८६५ चा. देशी नळीच्या कौलांची दरवर्षी पावसाआधीची चाळणी (कौले उतरवून पुन्हा नीट बसवणे) त्यामुळे कमी झाली आणि छप्पर हलके झाले. त्यानंतरचा मोठा धक्का १९४७-४८ चा. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. गांधीहत्येनंतरच्या जळितात सातारा, सांगली आणि कोल्हापूर भागांतली ब्राह्मणांची अनेक घरे जळाली आणि बरीच कुटुंबे पुण्या-मुंबईला गेली. कूळकायद्याने शेतीचे उत्पन्नही आटले. वाड्याची वार्षिक देखभाल ज्या पैशातून होई, तो पुढच्या काही वर्षांत नाहीसा झाला. जळक्या जोत्यावर उभ्या केलेल्या घरांत आजही काळवंडलेल्या तुळया सापडतात. त्या लगेच मोडीत काढू नयेत. कोळसा तासून आतले घट्ट लाकूड किती उरले ते मोजावे. मोठ्या छेदाच्या सागात जळीत पुष्कळदा वरच्या अर्ध्या-पाऊण इंचातच थांबलेले असते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. तीव्रता साडेसहाच्या आसपास, मृत्यू सुमारे १८०. दख्खनचे पठार तोवर भूकंपाच्या दृष्टीने निर्धास्त मानले जाई, त्यामुळे नुकसानीइतकाच समजुतीलाही हादरा बसला. नंतरच्या नकाशांत कोयना परिसर चौथ्या भूकंपक्षेत्रात गेला. आणि एक निष्कर्ष गावोगाव पोचला : दगड-मातीचे घर धोक्याचे, सिमेंटचे सुरक्षित. १९९३ च्या किल्लारीच्या (लातूर जिल्ह्यातल्या) भूकंपाने त्यावर शिक्का मारला.

या निष्कर्षात दोन वेगळी घरे एकाच नावाखाली गेली. एक, गोट्यांच्या दगडाची दोनपाखी (आतला आणि बाहेरचा असे दोन दगडी थर असलेली) भिंत, मध्ये भराव, दोन्ही पाखांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि छपराचे ओझे थेट त्याच भिंतीवर. हादरा बसला की पाखे सुटतात, भिंतीला पोट येते, बाहेरचे पाख पडते आणि छप्पर खाली येते. हे घर खरेच घातक आहे. दुसरे, खणांच्या लाकडी सांगाड्याचे घर. किल्लारीच्या पट्ट्यात अनेक ठिकाणी भिंती ढासळल्या, तरी लाकडी खांबांवरचे छप्पर उभे राहिलेले दिसले. माणसे तिथेही भिंतीखाली सापडली, म्हणून सांगाडा आहे तेवढ्याने भागते असे म्हणता येत नाही. पण दोन्हींचा उपाय एक नाही, आणि १९६७ नंतरची पंचवीस-तीस वर्षे तो एकच धरला गेला. घरपट्टीच्या नोंदवहीतही ‘दगड-विटा-मातीचे’ हा एकच रकाना. त्यात दोनशे वर्षांचा सागवानी वाडा आणि दहा वर्षांची गोठ्याची भिंत शेजारी बसतात.

दुरुस्तीच्या कामात हा घोळ ‘बँड’च्या रूपाने आला. भिंतीच्या माथ्यावर सलग पट्टा घालून चारही भिंती एकमेकींना बांधाव्यात, हे तत्त्व बरोबरच आहे. मातीच्या आणि गोट्याच्या कमजोर बांधकामासाठी १९९३ साली भारतीय मानके आली आणि त्यांनीही बँड सांगितला. त्यांत लाकडी बँडही आहे : साधारण ७५ बाय ३८ मिलिमीटरच्या दोन समांतर पट्ट्या आणि दर ५०० मिलिमीटरला आडवा तुकडा. गोट्याच्या भिंतीत आरपार दगड उंचीत दर ६०० आणि लांबीत दर १२०० मिलिमीटरला हवा, हेही त्यांतच आहे. प्रत्यक्षात वाड्यांवर गेला तो बहुतेक काँक्रीटचा बँड. दीड फूट रुंद आणि सहा इंच जाड पट्टा धरला तर मीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास वजन होते.

काँक्रीटच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे टाकाऊ नाही. बँड सलग होतो, कोपरे पक्के बांधले जातात, सळई आणि गवंडी कुठेही मिळतात, आणि सरकारी अभियंता त्याचे गणित मांडून सही करू शकतो. लाकडी बँडला कोपऱ्याचा सांधा उत्तम जमणारा सुतार लागतो. सांधा ढिला राहिला तर बँड घातला काय नि न घातला काय, सारखेच.

पण वाड्यावर काँक्रीटचा बँड घालताना जे घडते त्याचा हिशेब कमी वेळा होतो. माथा मोकळा करायला कड्यांची टोके कापली जातात. ओतलेल्या काँक्रीटचे पाणी मातीच्या भिंतीत वरून मुरते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नंतर छप्पर बँडवर टेकवले जाते, त्यामुळे खांबावरचे ओझे भिंतीवर येते. ज्या मातीने कधी छप्पर वाहिले नव्हते ती आता ते वाहू लागते. काही पावसाळ्यांनी बँडच्या खाली आडवी चीर दिसते आणि मग दोष मातीला दिला जातो. माझ्या मते खणाच्या वाड्यात काँक्रीटचा बँड हा शेवटचा पर्याय असावा. सांगाडा नसलेल्या भिंतीवर मात्र तो घालायला हरकत नाही. आधी पाखे आरपार दगडांनी शिवून घ्यावीत, मग बँड.

म्हणून पहिले काम म्हणजे भिंतीत खांब आहेत का ते शोधणे. आतल्या उघड्या खांबांचे अंतर मोजा, बाहेरच्या भिंतीवर त्याच ओळीत जमिनीपासून दोन-तीन फुटांवर वीतभर गिलावा काढा. खांब असेल तर तिथेच लागतो. लागला की त्याचा पाय तपासा, कारण सड तिथून सुरू होते. हातोडीच्या दांड्याने ठोकून आवाज पोकळ येतो का पाहा, मग पेचकस दाबा. पाव इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर तेवढा भाग गेला.

खांबाचे किंवा तुळईचे सडके टोक बदलायला अख्खे लाकूड बदलावे लागत नाही. दोन्ही बाजूंच्या खणांना टेकू देऊन तुळई जॅकवर घ्यायची. खाली बसलेली तुळई एका दिवसात जागेवर आणू नये. दिवसाला दोन-तीन मिलिमीटर पुरे, नाहीतर वरच्या माडीच्या भिंती तडकतात. घट्ट लाकूड लागेपर्यंत कापायचे आणि तिरपा सांधा घालायचा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या निदान अडीच-तीन पट हवी, १२ मिलिमीटरचे बोल्ट, वॉशर मोठे. नवा तुकडा वाळलेल्या जुन्या सागाचाच हवा. ओला साग आकसतो आणि सांधा उघडतो. भिंतीत जाणाऱ्या टोकाभोवती इंचभर पोकळी ठेवावी. ते टोक सिमेंटने बंद केले की पुन्हा तीच सड.

सिमेंटच्या गिलाव्याचा इतिहासही याच काळातला. मातीची भिंत जमिनीतून ओल घेते आणि पृष्ठभागातून ती उडवून देते. बाहेरून सिमेंट बसले की ओल बाहेर पडत नाही, वर चढते. पूर्वी फूटभर असलेला ओलीचा पट्टा तीन-चार फुटांवर जातो, गिलाव्यामागे लोणा (क्षार) साठतो, त्याचे स्फटिक फुगून गिलावा ढपल्यांनी सुटतो आणि सुटताना मागची माती ओढून नेतो. मग जाळी मारून आणखी जाड गिलावा होतो. पुष्कळ भिंतींवर असे दोन-तीन थर सापडतात. ते छिन्नीने हळू काढावेत. ब्रेकर यंत्राच्या थरथराटाने आतले पाख हलते.

त्याजागी चुना. कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान तीन आठवडे मुरू द्यायचा. एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांची भुकटी), दोन भाग चाळलेली वाळू. थर १०-१२ मिलिमीटरचा, दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावर, आणि आठ-दहा दिवस गोणपाट ओले ठेवायचे. उन्हाळ्यात घाईने वाळवलेल्या चुन्याची भुकटी होते, भर पावसात केलेला धरत नाही. सातारा भागात दिवाळीनंतरचे दिवस या कामाला सर्वांत बरे. आतल्या मातीच्या भिंतीला मातीच लावावी : पांढरी माती, गव्हाचे काड, शेण, आणि चिखल आठवडाभर कुजवलेला. कच्चा चिखल वाळला की भेगाळतो.

माडीवर फरशी बसवण्यासाठी कडीपाटावर काँक्रीट ओतण्याची रीतही याच दशकांतली. तीन इंच काँक्रीटचे वजन चौरस मीटरला सुमारे १८० किलो, म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर साडेसोळाशे किलोंहून जास्त. जुना मातीचा थर न काढता ते ओतले असेल तर कड्या वाकणारच. हे काँक्रीट काढताना खालून टेकू दिल्याशिवाय घण मारू नये आणि राडारोडा त्याच खोलीत साठवू नये.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर गोठलेले भाडे आणि ‘धोकादायक’ची नोटीस यांचा एकत्र परिणाम मोठा झाला. १९६५ च्या नगरपालिका कायद्यातले कलम १९५ पडायला आलेली इमारत दुरुस्त करून घेण्यासाठी जितके आहे तितकेच पाडण्यासाठीही आहे. पण मालकाला भाड्यातून दुरुस्ती परवडत नव्हती आणि पाडली तर भाडेकरू जाऊन जागा मोकळी होत होती. २००० पासून लागू झालेल्या नव्या भाडे कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. मूळ आकडाच इतका लहान होता की तिने फरक पडला नाही. त्यातच जुन्या सागवानाला आणि नक्षीच्या खांबांना हॉटेलांकडून, फार्महाउसांकडून मागणी आली. साताऱ्यातल्या आणि सांगलीतल्या वाड्यांचे कित्येक चौक असे लाकडाच्या भावाने गेले. खांबाचे जतन झाले असे त्याला म्हणणे चूक आहे. ओझे नसलेला खांब शोभेची वस्तू असते.

सांगलीत या सगळ्यावर पुराची भर पडली. २००५ च्या पुरानंतर २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. गावभाग-हरभट रस्त्याकडच्या घरांत एकच गोष्ट वारंवार दिसली : उंच दगडी जोत्यावरची, उघडी किंवा चुन्याची भिंत लवकर सुकली, आणि सिमेंटच्या गिलाव्यातली माती आतल्या आत लगदा होऊन खाली बसली. गिलावा शाबूत दिसत असल्याने हे उशिरा लक्षात आले. पुरानंतर लगेच रंग मारणे ही दुसरी चूक. पाण्याच्या खुणेच्या वर फूटभर गिलावा काढून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. दोन फुटांची भिंत आतपर्यंत सुकायला एक उन्हाळा पुरतोच असे नाही, तोवर फक्त चुन्याची सफेदी.

यामुळे नव्या आखणीतही बदल झाले आहेत. सांगलीत तळमजल्याची विजेची बटणे आणि मुख्य बोर्ड २०१९ च्या पुराच्या खुणेच्या वर नेता येत नसतील तर निदान माडीचे सर्किट वेगळे काढावे, म्हणजे खाली पाणी असताना वर दिवा राहतो. खालच्या मजल्यावर प्लायवूडची बसकी कपाटे नकोत. भिंतीतले जुने कोनाडे आणि फडताळे पुन्हा उघडली तर बरीच सोय तिथेच होते. न्हाणीघर आणि संडास माडीवर कडीपाटावर चढवू नयेत, परसाच्या बाजूला स्वतंत्र पायावर घ्यावेत आणि जुन्या भिंतीला नवी भिंत चिकटवू नये. दोन्हींत इंचभर फट ठेवून वरून पत्र्याची पट्टी द्यावी. सांगलीच्या काळ्या मातीत नवा पाया आणि जुना पाया सारखे बसत-उठत नाहीत, आणि जोड पक्का केला की चीर जुन्या भिंतीतच जाते.