मांजरीचा माज ओसरला, पण बीज सुटलं का?

नागपूरच्या महाल भागातल्या गच्चीवर रात्रभर ओरडणारी मांजरी आठवडाभराने एकदम गप्प झाली, की घरचे म्हणतात, ‘झालं, माज उतरला.’ उतरला खरा, पण आत अंडाशयात काय घडलं ते त्यावरून कळत नाही. बीज सुटलेलं असेल, नाहीतर जागच्या जागी विरून गेलेलं असेल.

बाईचं बीज महिन्याच्या चक्राप्रमाणे सुटतं. मांजरीचं बहुधा बोक्याशी संग झाल्यावरच सुटतं. त्या स्पर्शाचा इशारा मेंदूपर्यंत जातो, मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी एलएच हे बीज सोडवणारं संप्रेरक सोडते. एका संगाने बरेचदा भागत नाही, म्हणून तो काही तासांत पुन्हापुन्हा होतो. मग साधारण एक-दोन दिवसांत पुटिका, म्हणजे अंडाशयातल्या बीज असलेल्या, ज्वारीच्या दाण्याहून लहान पिशव्या, फुटतात. फुटल्या जागी पीतपिंड तयार होऊन त्यातून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक स्रवतं. गर्भ राहिला तर नऊ आठवड्यांनी पिल्लं. नाही राहिला तरी माज महिना-दीड महिना परतत नाही.

बोका मिळालाच नाही तर पुटिका फुटत नाही. तिच्या पेशी मरतात, आतलं बीजही मरतं आणि शरीर ते शोषून घेतं. रक्त जात नाही. दोन-तीन आठवड्यांत नव्या पुटिका वाढतात आणि ओरडणं पुन्हा सुरू. दिवस फार लहान झाले की मांजरीचा माज थांबतो, पण नागपुरात डिसेंबरातही दिवस जवळपास ११ तासांचा, वर घरात ट्यूबलाइट. हिवाळ्यात सुटका होईलच असं नाही.

‘बीजं वाया जातात, एक वेत तरी होऊ द्या,’ असा सल्ला देणारे खूप भेटतात. तो मला अजिबात पटत नाही. जन्मतः अंडाशयात हजारो बीजं असतात आणि त्यातली बहुतेक, वेत होवो न होवो, अशीच विरतात. हा आजार नाही.

तारखा लिहून ठेवल्या तर अंदाज येतो, पण काही मांजरींचं बीज बोक्याशिवायही सुटतं. नक्की कळतं ते रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून. बीज सुटलं की विरलं, हा फरक लक्षात ठेवायचा तो गर्भाशयासाठी. बीज सुटल्यानंतरच्या आठवड्यांत, प्रोजेस्टेरॉनच्या अमलाखाली, गर्भाशयात पू होऊ शकतो. माज दाबायची इंजेक्शनं आणि गोळ्याही हाच धोका वाढवतात, म्हणून त्यापेक्षा पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदी करून घ्या. मांजरी मलूल झाली, पाणी फार पिऊ लागली किंवा मागून घाण स्राव दिसला, तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या.