ट्रायकोकार्ड लवकर का लावायचे?

उसात खोडकिडीचा मोठा प्रादुर्भाव दिसल्यावर ट्रायकोकार्ड, म्हणजे ज्यातून ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक बाहेर पडतात ते कार्ड, आणायला धावायचे, हा क्रम मला उलटा वाटतो. त्याचे कारण ट्रायकोग्रामाच्या मादीच्या दिनक्रमात आहे.

ट्रायकोग्रामा म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची परजीवी गांधीलमाशी. ती खोडकिडीच्या पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. आतली अळी ते अंडे खाऊन टाकते, अंडे काळे पडते आणि साधारण आठ-दहा दिवसांनी त्यातून ट्रायकोग्रामाच बाहेर पडतो.

किडीची अंडी विरळ असतील तर मादीचा बहुतेक वेळ शोधण्यात जातो. अंडी दुप्पट झाली, तर तिला सापडणारीही जवळपास दुप्पट होतात. पण सापडलेल्या प्रत्येक अंड्यावर वेळ लागतोच. ती त्यावरून चालून आकार अजमावते, आधी कुणी अंडे घातले आहे का ते तपासते, मग अंडनलिका खुपसते. किडीची अंडी कितीही वाढली तरी हा वेळ वाचत नाही. शिवाय तिच्या पोटातली अंडी मोजकी आणि आयुष्य थोड्या दिवसांचे.

कॅनडाचे परिसंस्थाशास्त्रज्ञ सी. एस. हॉलिंग यांनी हे १९५९ मध्ये फार सुंदर रीतीने दाखवले. डोळे बांधलेल्या सहायकाला त्यांनी टेबलावरच्या सँडपेपरच्या चकत्या बोटाने चाचपून शोधायला आणि उचलून बाजूला ठेवायला लावल्या. चकत्या वाढवल्या तशा सापडणाऱ्याही भराभर वाढल्या, पण पुढे वेग मंदावला, कारण उचलण्यातच वेळ जाऊ लागला. इतक्या साध्या प्रयोगातून निघालेले समीकरण आजही वापरात आहे.

उसाच्या फडात याचा अर्थ काय? समजा, एका मादीची मजल ४० अंड्यांपर्यंत आहे. तिच्या वाट्याला ५० अंडी आली तर बहुतेक निकामी होतील. ५०० आली तर ४६० सुटतील.

यावर निसर्गाकडे दोन उपाय आहेत. पतंगाच्या पंखांवरून गळलेल्या खवल्यांच्या वासाने मादी तिथेच रेंगाळते आणि शोध वाढवते, त्यामुळे दाट अंड्यांच्या जागी माद्या जमतात. दुसरे, भरपूर अंडी मिळाली की पुढची पिढी मोठी होते. पण त्या पिढीला आठवडाभराहून अधिक लागतो आणि सुटलेल्या अंड्यांतून अळ्या तोवर बाहेर पडून कोंबात शिरलेल्या असतात. तिथे ट्रायकोग्रामाचे काही चालत नाही. त्याला अंडेच हवे.

म्हणून कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यात) पतंग दिसू लागले की पहिले कार्ड लावावे आणि पतंग अंडी घालत असेपर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा लावत राहावे. त्या काळात कीटकनाशकाची फवारणी टाळावी. कार्डातून निघालेल्या माद्या त्यात आधी मरतात.