नाण्यांचे समीप छायाचित्रण : जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांचा उपयोग

नाण्याची एक बाजू चौकट भरून, तिच्यावरील अक्षरे, चिन्हे, झीज आणि ठशातील दोष वाचता येतील इतक्या जवळून टिपणे, याला नाण्यांचे समीप छायाचित्रण म्हणतात. संग्रहाची नोंद ठेवणे, नाण्याची ओळख पटवणे आणि विक्रीच्या वेळी त्याची अवस्था दाखवणे हे त्याचे नेहमीचे उपयोग होत. हे काम महागड्या उपकरणांचेच, असा समज असला तरी २००० सालाच्या आगेमागे निघालेले काही लहान डिजिटल कॅमेरे त्याला आजही पुरे पडतात. कारण नाणे लहान आणि बहुधा सपाट असते, हलत नाही आणि छायाचित्रकाराला हवा तेवढा वेळ देते.

या कॅमेऱ्यांत निकॉनच्या कूलपिक्स ९५० (१९९९) आणि ९९० (२०००) यांचा उल्लेख प्रथम करावा लागतो. दोन भागांत फिरणाऱ्या त्यांच्या सांगाड्यामुळे भिंग खाली नाण्याकडे वळवून पडदा डोळ्यांसमोर ठेवता येतो आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळच्या वस्तूंसाठीच्या, स्थितीत भिंगापासून अवघ्या २ सेंटीमीटरवरील वस्तूवर फोकस साधतो. झूम योग्य टप्प्यात आला की पडद्यावरील मॅक्रोचे फुलाचे चिन्ह पिवळे होते. ९५० चे चित्र १६०० × १२०० पिक्सेलचे, म्हणजे आजच्या हिशेबाने क्षुल्लक वाटणारे. पण ब्रिटिश हिंदुस्थानचा ३०.५ मिलिमीटर व्यासाचा चांदीचा रुपया त्यात ११०० पिक्सेल उंची व्यापेल असा बसवला, तर प्रत्येक मिलिमीटरच्या वाट्याला सुमारे ३६ पिक्सेल येतात. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षे कायम राहिले आणि मुंबई टांकसाळीच्या अशा रुपयांवर मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांच्या संख्येवरून प्रत्यक्ष पाडल्याचे साल ओळखले जाते. असा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा धरला तरी त्याला १८ पिक्सेल मिळतात, आणि ठिपके मोजायला तेवढे पुष्कळ झाले.

जुन्या कॅमेऱ्याचा लहान सेन्सर, म्हणजे फिल्मच्या जागी प्रतिमा टिपणारी चकती, येथे उणेपणा न ठरता सोयीचाच ठरतो. ३५ मिलिमीटर फिल्मवर हाच रुपया चौकट भरून घ्यायचा तर त्याची प्रतिमा मूळ आकाराच्या जवळपास तीन चतुर्थांश असावी लागते. ९५० च्या सेन्सरवर ती एक सप्तमांश असली तरी भागते. त्यामुळे त्याच ॲपर्चरला, म्हणजे भिंगातील प्रकाश येण्याच्या छिद्राच्या त्याच मापाला, नाण्याचा उठाव आणि त्याची सपाटी ही दोन्ही एकदम फोकसमध्ये राहतात. ॲपर्चर मात्र फार बारीक करू नये, कारण इतक्या लहान सेन्सरवर प्रकाशाच्या विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्याने, चित्र लगेच मऊ पडते.

कॅमेरा नाण्याला समांतर नसेल तर एक कड स्पष्ट आणि समोरची धूसर येते. यावर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. नाण्याच्या जागी लहान आरसा ठेवावा आणि भिंगाचे प्रतिबिंब पडद्याच्या बरोबर मध्यभागी दिसेपर्यंत स्टँड सरकवावा. मग आरसा काढून त्या जागी नाणे ठेवावे. नाणे खोडरबराच्या तुकड्यावर उचलून ठेवले, तर खालचा कागद धूसर होतो आणि सावलीही नाण्याच्या कडेला चिकटून राहत नाही.

खरे कौशल्य प्रकाशात आहे. कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश बंदच ठेवावा. इतक्या जवळून तो एक तर भिंगाची सावली नाण्यावर पाडतो, नाही तर चांदीवर पांढरा डाग उमटवतो. भिंग २ सेंटीमीटरवर आणले की बाहेरच्या दिव्यालाही वाट उरत नाही, म्हणून संपूर्ण नाण्यासाठी झूम वाढवून किंवा समोर क्लोज-अप भिंग लावून कॅमेरा मागे घ्यावा आणि अगदी जवळचे अंतर एखाद्या चिन्हापुरते राखून ठेवावे. नव्या, झळाळत्या नाण्याला ट्रेसिंग पेपरमधून गाळलेला, उंचावरून येणारा प्रकाश मानवतो. झिजलेल्या नाण्याचे उलट आहे. शिवराईसारखे हाताने पाडलेले तांब्याचे नाणे वरून उजळले तर एक तपकिरी चकती तेवढी दिसते. तोच दिवा जवळजवळ टेबलाच्या पातळीवर आणून नाण्याभोवती हळूहळू फिरवला, तर एका ठिकाणी ‘श्री राजा शिव’ मधली उभी रेघ उजळते, आणखी थोडे पुढे गेल्यावर वेलांटी वर येते. सगळी अक्षरे एकाच कोनात क्वचित सापडतात, म्हणून अशा नाण्याची दोन-तीन चित्रे घेणेच प्रामाणिकपणाचे आहे. पूर्वी ग्रंथांतील चित्रफलकांसाठी नाण्यांऐवजी त्यांच्या प्लास्टरच्या ठशांचे फोटो घेत, त्याने चकाकीची ही कटकटही टळे. प्रकाश कोठूनही येवो, छापलेल्या चित्रात तो वरच्या अंगाने आलेला दिसावा. खालून आल्यास डोळा फसतो आणि उठावातला मुखवटा खोलगट वाटू लागतो.

काळ्या मखमलीवर नाणे ठेवले की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक अंधाराला भुलून नाणे फटफटीत करतो, पांढऱ्या कागदावर ते काळवंडते. तेव्हा मापन नाण्याच्या मध्यावरूनच घ्यावे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळवणी, त्याच दिव्याखाली पांढरा कागद दाखवून ठरवावा. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र वापरले, तर तांबे आणि पितळ यांतला फरक चित्रातून नाहीसा होतो आणि तो नंतर संगणकावर दुरुस्त करणे अवघड जाते.

या कॅमेऱ्यांची खरी अडचण त्यांचा पडदा. तो इतका भरड असतो की फोकस साधला की नाही हे त्यावरून कळत नाही. म्हणून कॅमेरा थोडा थोडा वर-खाली सरकवत पाच-सहा चित्रे घ्यावीत आणि निवड संगणकावर करावी. बटण दाबताना बसणारा धक्का टाळायला सेल्फ-टायमर लावावा. कॅमेरा स्थिर असल्यावर शटर मंद राहिले तरी बिघडत नाही, मात्र आयएसओ, म्हणजे सेन्सरच्या प्रकाशसंवेदनेचा आकडा, सर्वांत खालचा ठेवावा, कारण जुन्या सेन्सरवर तो वाढवताच सपाट धातूवर रवा दिसू लागतो. पडदा सतत चालू राहिल्याने चार पेन्सिल सेल लवकर संपतात, तेव्हा पुन्हा भरता येणारे सेल किंवा अडॅप्टर जवळ असावा.

फोटोसाठी म्हणून नाणे कधीही घासू नये. देव्हाऱ्यातल्या तांब्याच्या नाण्यांना चिंच लावण्याची आपल्याकडची सवय पूजेपुरती ठीक. त्या चमकेबरोबर नाण्याचा काळाने चढलेला थर आणि पुष्कळदा त्याची किंमतही निघून जाते. नाणे कडांनी धरावे, धूळ मऊ फुंकणीने उडवावी. दोन्ही बाजूंची चित्रे सारख्याच अंतरावरून घ्यावीत, निदान एका चित्रात शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी आणि वजन फाइलच्या नावातच लिहावे, कारण ते कोणत्याही चित्रातून कळत नाही.