तोलणे आणि तोल साधणे: वजनाची बरोबरी व परिबलाची बरोबरी

लांब दांड्याचा झाडू आडवा धरून एका बोटावर तोलला आणि तो जिथे स्थिर राहिला नेमका तिथेच करवतीने कापला, तर दोन्ही तुकड्यांची वजने सारखी भरतील का? बहुतेक जण ‘हो’ म्हणतात, आणि तरफेची गणिते बिनचूक सोडवणारेही त्यांत असतात. प्रत्यक्षात कुंच्याकडचा आखूड तुकडा जड भरतो. या गोंधळाचे थोडे खापर आपल्या भाषेवरही फोडता येईल, कारण ‘तोलणे’ म्हणजे वजन करणे आणि ‘तोल’ म्हणजे न कलंडण्याची अवस्था. शब्द एकाच मुळाचे असले तरी राशी दोन आहेत.

वजन हे बल आहे. पृथ्वी वस्तूला किती जोराने ओढते एवढेच ते सांगते आणि ते न्यूटनमध्ये मोजतात. परिबल, म्हणजे टॉर्क, ही त्या बलाची वस्तूला आसाभोवती फिरवण्याची क्षमता होय. बलाला आसापासून त्या बलाच्या रेषेपर्यंतच्या लंब अंतराने गुणले की ती मिळते, म्हणून तिचे एकक न्यूटन-मीटर. (कार्य काढतानाही न्यूटनला मीटरनेच गुणतात; पण तिथे अंतर बलाच्या दिशेने मोजलेले असते, आणि इथे त्याला लंब. म्हणून परिबल ज्यूलमध्ये सांगत नाहीत.)

सी-सॉवर टेकूपासून २ मीटरवर ३० किलोचे मूल आणि दुसऱ्या बाजूला १.५ मीटरवर ४० किलोचे मूल बसले, तर वजने अनुक्रमे २९४ व ३९२ न्यूटन, म्हणजे उघडच असमान. परिबले मात्र दोन्हीकडे ५८८ न्यूटन-मीटर येतात, आणि फळी आडवी राहते. झाडूचेही हेच आहे. कुंच्याचे वजन बोटाच्या जवळ एकवटलेले असते, तर दांड्याचे दूरवर पसरलेले; दांड्याला अंतराचा फायदा मिळतो, म्हणून कमी वजनातही तो बरोबरी साधतो. कावड वाहणारा माणूस एका बाजूची घागर अर्धी असली, की खांदा भरलेल्या घागरीकडे सरकवतो, तो याच हिशेबाने.

मग बलांच्या बेरजेचे काय? तिची अट वेगळी आहे, आणि एक पाळली म्हणून दुसरी आपोआप पाळली जात नाही. स्टिअरिंगच्या दोन टोकांना दोन हातांनी १०-१० न्यूटनची परस्परविरुद्ध बले लावली, तर त्यांची बेरीज शून्य होते, तरीही चाक फिरते, कारण दोन्ही परिबले एकाच दिशेची असतात. हातांमधील अंतर ४० सेंटिमीटर असेल, तर एकूण परिबल ४ न्यूटन-मीटर होते. अशा जोडीला बलयुग्म म्हणतात.

राहिला तराजू, आणि माझ्या मते गैरसमजाचे खरे मूळ तिथेच आहे. तराजूही परिबलांचीच तुलना करतो. फक्त त्याच्या दोन्ही भुजा समान असल्याने परिबलांची बरोबरी वजनांची बरोबरी ठरते आणि अंतर कोणाच्या लक्षातच येत नाही. समजा, एक भुजा २० आणि दुसरी २१ सेंटिमीटर आहे, आणि आखूड भुजेचे पारडे मुळातच थोडे जड केले आहे. रिकाम्या तराजूची दांडी तेव्हा सरळ दिसेल. पण आखूड बाजूला १ किलोचे माप व लांब बाजूला माल ठेवला, तर गिऱ्हाइकाच्या पिशवीत सुमारे ९५२ ग्रॅमच पडतील. लबाडी पकडण्यासाठी माल आणि माप यांची पारडी अदलाबदल करावी. खऱ्या १ किलो मालाला मग एका पारड्यात १०५० ग्रॅम आणि दुसऱ्यात सुमारे ९५२ ग्रॅम माप लागते, आणि खरे वजन या दोन आकड्यांच्या सरासरीने नव्हे, तर त्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने मिळते.