टीएसएच वाढलं म्हणजे थायरॉइड वाढलं का?

रिपोर्टमध्ये टीएसएचपुढे ९.२ असा ठळक आकडा दिसतो आणि घरभर बातमी पसरते, ‘थायरॉइड वाढलंय.’ खरं तर अशा वेळी बहुधा उलटंच झालेलं असतं. थायरॉइड कमी पडत असतं.

टीएसएच आणि टी-४ एकाच कागदावर एकाखाली एक छापलेले असतात, त्यामुळे दोन्ही एकाच ग्रंथीचे वाटतात. टी-४, म्हणजे थायरॉक्सिन, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी आयोडीन वापरून बनवते; त्याच्या रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात म्हणून ते नाव. टीएसएच मात्र थायरॉइडचं नाहीच. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिच्युटरी ग्रंथीतून. रक्तात टी-४ कमी झालं की पिच्युटरी जास्त टीएसएच सोडून थायरॉइडच्या मागे तगादा लावते. पुरेसं झालं की हात आखडता घेते.

म्हणून टीएसएच जास्त आणि टी-४ कमी असेल तर ग्रंथी मंदावलेली. टीएसएच जवळजवळ शून्य आणि टी-४ जास्त असेल तर ती गरजेपेक्षा जास्त काम करतेय. टीएसएच वाढलेलं पण टी-४ ठीक, असंही पुष्कळदा दिसतं. तेव्हा लगेच गोळी सुरू करायची की थांबून पुन्हा तपासायचं, हे आकडा, वय, लक्षणं आणि गरोदरपण बघून ठरतं.

टी-४ जरासं घसरलं तरी टीएसएच कित्येक पटींनी चढतं. डॉक्टर आधी तेच तपासायला सांगतात ते यामुळे. मात्र बिघाड पिच्युटरीतच असेल तर टी-४ कमी असूनही टीएसएच नॉर्मल दिसू शकतं. हे क्वचितच होतं, पण झालं तर एकट्या टीएसएचवरून आजार हातून निसटतो.

रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी म्हणजे टी-४च. शरीरातून ते निम्मं व्हायला सुमारे ७ दिवस लागतात आणि पिच्युटरीही सावकाश जुळवून घेते. म्हणून डोस बदलल्यावर साधारण ६ आठवड्यांनी तपासतात. आठवडाभरात रक्त देऊन ‘गोळीचा उपयोगच नाही’ म्हणणारे बिचाऱ्या गोळीवर अन्याय करतात.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी तसं सांगा. काही तपासणी पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं, आणि धडधाकट माणसाच्या हाती ‘थायरॉइड जास्त’ असा रिपोर्ट येतो.